वाचकांचे प्रश्न : मोकळ्या बर्फासाठी टू-स्ट्रोक की फोर-स्ट्रोक?

प्रश्न : दोन हिवाळे ट्रेलवर स्नोमोबाइल चालवली. आता कॅनडातल्या रेव्हलस्टोकच्या डोंगरांत, आखलेल्या वाटा सोडून जायचंय. सेकंडहँडमध्ये ८५० सीसीची टू-स्ट्रोक आणि ९९८ सीसीची टर्बो फोर-स्ट्रोक अशा दोन गाड्या समोर आहेत. फोर-स्ट्रोकची ताकद जास्त, इंजिनही टिकाऊ म्हणतात. तरी डोंगरात जाणारे टू-स्ट्रोकच का घेतात? – एक वाचक, कॅलगरी

उत्तर : वजनामुळे. दोन्ही गाड्यांत साधारण ५० ते ७० किलोंचा फरक पडतो आणि त्यातला बराचसा भार पुढे, स्कींवर असतो. म्हणजे गाडीच्या नाकावर सिमेंटचं भरलेलं पोतं ठेवून चालवायचं. घट्ट दाबलेल्या ट्रेलवर ते जाणवत नाही. पण भुसभुशीत बर्फात उतार आडवा कापताना गाडी एका स्कीवर कलती धरून ठेवावी लागते, तिथे खांदे भरून येतात. नाक जड असलं की ते खाली बुडतं, ट्रॅक (गाडी पुढे ढकलणारा खालचा रबरी पट्टा) मागे माती उपसावी तसा बर्फ उपसतो आणि गाडी बसते.

बसली की थ्रॉटल लगेच सोडा. दाबून धरलात तर ट्रॅक आपल्याच पायाखाली खड्डा खणतो. पायपट्ट्यांखालचा आणि ट्रॅकमागचा बर्फ फावड्याने काढा, स्कींपुढचा बर्फ पायांनी तुडवून घट्ट करा, मग स्की उताराच्या दिशेने ओढा. टू-स्ट्रोक असेल तर हे एका माणसाला जमतं. फोर-स्ट्रोकला बहुतेक वेळा दुसरा लागतो. मात्र उभ्या उतारावर कुणी अडकलं तर दुसरी गाडी घेऊन वर जाऊ नका. तेवढ्या भाराने उतारावरचा अख्खा बर्फ सुटून हिमस्खलन होऊ शकतं. बाकीच्यांनी सुरक्षित जागी थांबून लक्ष ठेवायचं.

ताकदीचा मुद्दा खरा होता, पण आता शिळा झालाय. उंचीवर हवा विरळ होते. टर्बो नसलेलं इंजिन दर ३०० मीटरला अंदाजे ३ टक्के ताकद गमावतं, म्हणजे २,००० मीटरवर १६५ हॉर्सपॉवरचे १३० च्या आसपास उरतात. टर्बो इंजिनात जास्तीची हवा कोंबून ही तूट भरून काढतो, म्हणून टर्बो फोर-स्ट्रोकचा दबदबा होता. २०२१च्या मॉडेलपासून स्की-डूने ८५० टू-स्ट्रोकला कारखान्यातूनच टर्बो दिला, पाठोपाठ पोलॅरिसनेही. शिवाय ९९८चं इंजिन यामाहाचं, आणि यामाहाने २०२३मध्ये स्नोमोबाइलचा धंदा बंद करत असल्याचं जाहीर केलं. उत्तर अमेरिकेत त्यांचं शेवटचं मॉडेल-वर्ष २०२५. सुट्या भागांचा विचार आजच करा.

लांब पल्ल्याच्या ट्रेलसाठी फोर-स्ट्रोकच बरी: आवाज कमी, टू-टी ऑइलचा खर्च नाही. तुमच्या कामासाठी मात्र आमचा कौल टू-स्ट्रोकला.

प्रश्न : जुनी टू-स्ट्रोक घेताना इंजिन आतून कसं तपासायचं? – कॅलगरीहूनच, दुसरे वाचक

उत्तर : कॉम्प्रेशन गेज (सिलिंडरमधला दाब मोजणारं) सोबत न्या. इंजिन गरम करून बंद करा, दोन्ही प्लग काढा आणि त्यांच्या वायरी इंजिनच्या धातूला टेकवून अर्थिंग करा. हे विसरलात तर इग्निशनची इलेक्ट्रॉनिक्स जळू शकतात. गेज लावून थ्रॉटल पूर्ण उघडा आणि काटा थांबेपर्यंत पाच-सहा वेळा दोर ओढा. दोन सिलिंडरांत १० टक्क्यांहून जास्त फरक असेल तर व्यवहार थांबवा. नुसता आकडा पाहून घाबरू नका. कॅलगरी हजार मीटरवर आहे, तिथे समुद्रसपाटीपेक्षा आकडा कमीच येतो.

मग एक्झॉस्ट काढून टॉर्चने पिस्टन बघा. उभे ओरखडे दिसले तर बहुधा गार इंजिन पिळलेलं आहे. उणे वीसमध्ये सुरू करून लगेच पूर्ण थ्रॉटल दिला की ॲल्युमिनियमचा पिस्टन आधी फुगतो, गार कूलंटने वेढलेला सिलिंडर मागे राहतो आणि पिस्टन घासतो. कूलंट ४० अंशांपर्यंत येऊ द्यायला दोन-चार मिनिटं पुरतात.

उलट, कडक ट्रेलवर इंजिन तापतं, कारण कूलंट थंड होतं ते ट्रॅकने उडवलेल्या बर्फामुळे. बर्फ उडत नसेल तर स्क्रॅचर (वाटेचा बर्फ खरवडून उडवणारे दात) खाली सोडा. पार्किंगपासून मोकळ्या बर्फापर्यंत जाताना अनेकजण हेच विसरतात.

प्रश्न : फोर-स्ट्रोक उतारावर उलटी पडली. सरळ करून सुरू केल्यावर निळा धूर आला. इंजिन गेलं का? – सॉल्ट लेक सिटी

उत्तर : बहुधा नाही. उलट्या गाडीतलं ऑइल ब्रीदरच्या (इंजिनातली वाफ बाहेर काढणाऱ्या) नळीतून एअरबॉक्समध्ये, म्हणजे इंजिनला हवा पुरवणाऱ्या डब्यात, उतरतं आणि तेच जळतं. यापुढे गाडी सरळ करून दहा मिनिटं थांबा, एअरबॉक्स उघडून ऑइल पुसा. बरंच ऑइल दिसलं तर स्टार्टर मारू नका. ऑइल दाबलं जात नाही, ते सिलिंडरमध्ये साचलं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो. प्लग काढून इंजिन रिकामं फिरवा, मग सुरू करा. शेवटी डिपस्टिकवर पातळी बघा. ऑइल-प्रेशरचा दिवा विझला नाही तर तिथेच बंद.

प्रश्न : कंपनी ९१ ऑक्टेन सांगते. भारतात तर ९१ म्हणजे साधं पेट्रोल असायचं! – डेन्व्हर

उत्तर : आकडा तोच, मोजमाप वेगळं. भारतात पंपावरचा आकडा आरओएन (रिसर्च ऑक्टेन नंबर) असतो. अमेरिकेत आरओएन आणि एमओएन (मोटर ऑक्टेन नंबर) यांची सरासरी लिहितात, त्यामुळे तिथलं ९१ म्हणजे आपल्याकडचं साधारण ९५-९६. कोलोरॅडोत पंपावर ८५ही मिळतं. टर्बोमध्ये ते मुळीच घालू नका, डेटोनेशन होऊन, म्हणजे पेट्रोल स्फोटासारखं पेटून, पिस्टनच्या डोक्याला भोक पडू शकतं. इथेनॉल १० टक्क्यांपर्यंत चालतं. हंगाम संपल्यावर मात्र टाकीत तसंच पडू देऊ नका, ते पाणी ओढून घेतं.