‘हीलर कचरा आहे’ म्हणणाऱ्यांबद्दल : वाचकांच्या पत्रांना उत्तरं

प्रश्न : ताई, नमस्कार. मी मूळचा साताऱ्याचा, वय 23, नोकरीसाठी पुण्यात असतो. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट हा ऑनलाइन खेळ खेळतो, युरोपच्या सर्व्हरवर. मी हीलर आहे, म्हणजे सोबत्यांचा जीव भरून काढणारा. मिथिक प्लस डंजनसाठी (पाच जणांनी मिळून वेळेत संपवायची मोहीम) अनोळखी ग्रुपमध्ये अर्ज करतो. गेल्या आठवड्यात टँकने, म्हणजे पुढे राहून मार अंगावर घेणाऱ्याने, शत्रूंचे तीन पॅक (टोळ्या) एकदम ओढले, मला सावरता आलं नाही आणि सगळे मेलो. लगेच चॅटमध्ये ‘हीलर कचरा आहे’, ‘अनइन्स्टॉल कर’, माझ्या पिंगवरून (सर्व्हर गाठायला लागणाऱ्या वेळेवरून) ‘इंडियन कशाला घेतला’ असं सुरू झालं. टँक सोडून गेला, ज्याची की (डंजन सुरू करायचा कीस्टोन) होती त्याची ती फुकट गेली. आता अर्ज करायला गेलो की छातीत धडधडतं. मित्र म्हणतो, गेंड्याची कातडी कर, नाहीतर खेळ सोड. मी खरंच खेळायच्या लायकीचा नाही का?

उत्तर : आधी खेळाचंच बोलू. मीही हीलर आहे, रिस्टोरेशन ड्रुइड, आणि या आरोपाचा निकाल खेळातच लावता येतो.

किती पॅक ओढायचे हे टँक ठरवतो. शत्रूचे कास्ट (मंत्र) तोडणं हे मुख्यतः टँकचं आणि तिघा डीपीएसचं, म्हणजे मारा करणाऱ्यांचं, काम. जमिनीवरच्या आगीतून बाजूला होणं ज्याचं त्याचं. यातलं काहीही चुकलं तरी त्याचा हिशेब हीलरच्या पडद्यावर येऊन पडतो, पाचही जणांचा जीव दाखवणारे बार एकदम खाली. कास्ट कोणी तोडला नाही हे त्या क्षणी कुणाच्या डोळ्यात भरत नाही, हील पुरलं नाही हे मात्र सगळ्यांना दिसतं. पुढच्या वेळी वाइप झाला, म्हणजे सगळे मेले, की चॅट वाचण्याआधी मीटरमधला (कोणी किती मारा केला ते मोजणाऱ्या साधनातला) डेथ लॉग उघड. पहिला कोण मेला आणि मरण्याआधीच्या काही सेकंदांत त्याला काय लागलं, एवढंच बघ. तोडता येण्यासारखा कास्ट लागला असेल तर तो तुझा दोष नाही. मोठा कूलडाउन (अधूनमधूनच वापरता येणारी ताकद) तयार असून तू दाबला नसशील तर ते तुझं, आणि ते सरावाने सुधारतं. लायकीचा प्रश्न यात कुठेच येत नाही.

ती माणसं अशी का वागतात? माझं ठाम मत आहे की यात माणसांच्या स्वभावाइतकाच खेळाच्या रचनेचा हात आहे. 2009 च्या डिसेंबरपर्यंत वॉरक्राफ्टमध्ये डंजनसाठी आपल्याच सर्व्हरवरची माणसं गोळा करावी लागत. चॅटमध्ये हाका मारायच्या, मग डंजनच्या दाराशी जमायचं. वेळ फार जायचा. पण शिव्या देणाऱ्याचं किंवा लूट ढापून पळणाऱ्याचं नाव सर्व्हरभर व्हायचं आणि पुढे त्याला घ्यायला लोक कचरायचे. त्या डिसेंबरात डंजन फाइंडर आला आणि वेगवेगळ्या सर्व्हरवरची पाच माणसं एका बटणावर एकत्र येऊ लागली. नोकरी-संसारातून जेमतेम तासभर मिळणाऱ्यांना त्याने खेळ खुला केला, त्याचं मोल मला कमी वाटत नाही. मात्र पुन्हा कधीच न भेटणारे सोबतीही तेव्हापासूनच रोजचे झाले. 2016 मध्ये लीजन विस्ताराबरोबर मिथिक प्लस आलं : घड्याळ लावलेलं डंजन, चढत्या पातळ्या, वेळ चुकली की कीस्टोनला फटका. त्यावर बाहेरच्या साइट खेळाडूंना गुण देऊ लागल्या आणि 2021 पासून खेळातच रेटिंग दिसायला लागलं. तू अर्ज करतोस तेव्हा ग्रुपवाल्याला तुझ्या नावाशेजारी तो आकडा दिसतो आणि बहुतेक वेळा निर्णय त्यावरच होतो.

अनोळखी माणूस, चालू घड्याळ आणि दुसऱ्याच्या चुकीने आपला जाणारा अर्धा तास. हे तिन्ही एकत्र आलं की ऑफिसात सभ्य वागणारी माणसंही तोंड सोडतात. जॉन सुलर या मानसशास्त्रज्ञाने 2004 मध्ये ऑनलाइन माणसाचा संयम का सुटतो याची कारणं मांडली. आपण ओळखले जात नाही आणि समोरच्याचा चेहरा दिसत नाही, ही त्यातली दोन. डंजनमध्ये दोन्ही पुरेपूर असतात. त्यांचं वागणं याने माफ होत नाही. पण तू तिथे नसतास तर त्या रात्री त्या जागी बसलेल्या दुसऱ्या हीलरला तेच शब्द ऐकावे लागले असते, हे तू पक्कं धरून चाल.

आणि स्पर्धेलाच दोष देऊ नकोस. या खेळाची सगळ्यात तीव्र स्पर्धा म्हणजे नव्या रेडचा (मोठ्या ग्रुपच्या मोहिमेचा) शेवटचा बॉस जगात पहिल्यांदा कोण पाडतो ती. 2017 मध्ये मेथड या गिल्डने (खेळाडूंच्या संघाने) किल’जेडन या बॉसला सगळ्यांच्या आधी पाडलं तेव्हा त्यांना 654 प्रयत्न लागले. म्हणजे जगातले सर्वोत्तम वीस खेळाडू 653 वेळा हरले आणि प्रत्येक वेळी पुन्हा उभे राहिले. एका वाइपवर सोडून जाणारा तुझा टँक स्वतःला ‘सिरियस प्लेयर’ म्हणवत असेल, पण सिरियस खेळणारे वाइपनंतर काय करतात ते त्या आकड्यात आहे. ते बोलतात, लॉग बघतात, पुन्हा ओढतात.

गेंड्याच्या कातडीचा सल्ला मला पटत नाही. हीलरचं सगळं काम दुसऱ्याकडे लक्ष देण्याचं. त्यालाच बधिर व्हायला सांगून काय साधणार? त्याऐवजी काही दिवस दुसऱ्यांच्या की धरू नकोस, स्वतःची लाव. ग्रुपच्या नावातच लिही : ‘निवांत, वाइप चालेल, शेवटपर्यंत.’ ग्रुप भरायला वेळ लागेल, पण ते वाचून येणारी माणसं वेगळी असतात. सुरुवातीलाच चॅटमध्ये एक ओळ टाक, ‘मोठा पुल, म्हणजे बरेच पॅक एकदम, घेणार असाल तर आधी सांगा, माझा मोठा हील एकदाच आहे.’ हे सांगितलं की टँक निदान विचारून ओढतो, हा माझा अनुभव आहे. रन चांगली झाली तर त्या चौघांपैकी ज्याच्याशी जमलं त्याला फ्रेंड रिक्वेस्ट पाठव. अशानेच हळूहळू तुझा पाच जणांचा ठरलेला ग्रुप होईल. आमच्या गिल्डमधली रत्नागिरीची फार्मासिस्ट आणि दुबईचं जोडपं मला असेच मिळाले.

पिंगचंही बोलते, कारण तुझ्यावर वार तिथून झाला. पुण्याहून युरोपचा सर्व्हर गाठायला लागणारा वेळ तुझ्या हातात नाही. शिवाय तिकडचे रात्रीचे आठ म्हणजे आपले उन्हाळ्यात साडेअकरा आणि हिवाळ्यात साडेबारा. दिवसभर काम करून तू त्या वेळी खेळतोस. शनिवार-रविवारी दुपारी खेळून बघ, तेव्हा तिकडे सकाळ असते आणि लोकही जरा शांत असतात. देशावरून बोलला गेलेला शब्द मात्र सोडू नकोस. नावावर राइट क्लिक करून रिपोर्ट कर आणि मगच इग्नोर कर. 2022 पासून या खेळात शिरताना प्रत्येकाला सभ्य वागण्याचा करार मान्य करावा लागतो, त्या शब्दाने तो सरळ मोडला आहे.

मन फारच विटलं तर काही महिने फायनल फँटसी चौदा हा दुसरा ऑनलाइन खेळ खेळून बघ. तिथे नवख्याच्या नावाशेजारी कोवळ्या पानाचं चिन्ह असतं, ग्रुपमध्ये पहिल्यांदा आलेला कोणी असेल तर सगळ्यांना बोनस मिळतो आणि डंजन संपल्यावर आवडलेल्या सोबत्याला कौतुकाची पावती देता येते. डॅमेज मीटरला तिथे परवानगी नाही. नवख्याला शिकवण्यात सगळ्यांचाच फायदा ठेवला की वागणं किती बदलतं, हे तिथे अनुभवता येतं.

धडधड खेळाबाहेरही होत असेल, झोप किंवा काम बिघडत असेल, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर फोन कर. मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

प्रश्न : मी 38 वर्षांची, ठाण्याची. एका ऑनलाइन खेळातल्या ग्रुपमध्ये व्हॉइसवर बोलले की माझा आवाज ऐकून घाणेरडे शेरे येतात. एकाने तर फोटो शोधून पाठवीन अशी धमकी दिली. मी आता माइक बंदच ठेवते.

उत्तर : ताई, शेरे आणि धमकी या वेगळ्या गोष्टी आहेत, दुसरीला जराही सवड देऊ नका. आधी स्क्रीनशॉट घ्या, त्यात त्याचा आयडी, तारीख आणि वेळ दिसू द्या. ब्लॉक त्यानंतर करा, नाहीतर पुरावाच हाती राहत नाही. मग खेळात रिपोर्ट आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंदणी पोर्टलवर तक्रार. ठाण्यात सायबर पोलीसही आहेत. खेळातलं नाव आणि सोशल मीडियावरचं नाव एकच असेल तर आजच बदला. शेऱ्यांचं म्हणाल तर ग्रुपच्या लीडरला नावानिशी लिहून विचारा, ‘याबद्दल तुम्ही काय करणार आहात?’ उत्तर टाळलं तर तो ग्रुप सोडा. माइक बंद ठेवायची वेळ तुमच्यावर यावी, हे मला मुळीच मान्य नाही.

प्रश्न : मी एका गिल्डचा रेड लीडर आहे, नाशिकला असतो. आमचा एक डीपीएस मीटरवर कायम पहिला असतो, पण चुकणाऱ्यावर तुटून पडतो. मी काढलं तर मिथिक, म्हणजे सगळ्यात अवघड पातळीची, रेड अडेल, कारण वीस जण लागतात. काय करू?

उत्तर : मीटरवर तो पहिला आहे, हे मान्य. त्याच्यामुळे किती जणांनी रेडला यायचं थांबवलं, याची यादी तुम्ही कधी केली आहे का? आज करा. गिल्ड सोडून गेलेल्यांना एकेक करून मेसेज पाठवून कारण विचारा. मला खात्री आहे, वीस जण जमवायला त्रास होतो त्याचं कारण तुम्हाला तिथेच सापडेल.

मग त्याच्याशी एकट्याशी बोला, सगळ्यांसमोर नको. काय बोलला, कुणाला बोलला ते नेमकं सांगा. रेड चालू असताना कुणाची चूक सांगायची ती फक्त तुम्ही सांगाल आणि तीही वाइपनंतर, असा नियम त्याच्यासकट सगळ्यांना लावा. त्याने नियम पाळला तर एक उत्तम खेळाडू राहिला. पुन्हा तुटून पडला तर त्याच रात्री, पुढचा पुल घेण्याआधी, त्याला रेडमधून काढा. एकोणीस जणांत मिथिक बॉस पडणं अवघड आहे. तो नाही पडला तर हिरोइक (एक पातळी सोपी) करा, पण बाकीच्यांसमोर दिलेला शब्द पाळा.