वाचकांचे प्रश्न : गड्ड्यातली जपानी तलवार

प्रश्न : सोलापुरात संक्रांतीला भरणाऱ्या यात्रेत, म्हणजे गड्ड्यात, होम मैदानावर दहा वर्षांच्या मुलासाठी खेळण्यातली तलवार घ्यायला गेलो होतो. चार दुकाने पालथी घातली, पण प्रत्येक ठिकाणी काळ्या म्यानातली, लांब मुठीची जपानी तलवारच पुढे आली. मी नापसंती दाखवली तेव्हा मुलगा म्हणाला, "बाबा, खरी तलवार अशीच असते." चित्रपट, मोबाइलवरचे खेळ, कार्टूनमालिका यांत जिकडे पाहावे तिकडे हीच तलवार दिसते. जगात इतक्या प्रकारच्या तलवारी असताना हिचाच एवढा बोलबाला का?
— एक पालक, जुळे सोलापूर

उत्तर : आपल्या मुलाने जे पाहिले त्यावरून त्याने काढलेला निष्कर्ष बरोबरच आहे. त्याला दुसरे काही दाखवले गेलेले नाही, आणि मला खंत वाटते ती याचीच.

जपानी तलवारीला, म्हणजे कटानाला, पडद्यावर आणि कागदावर सर्वांत उपयोगी पडलेली गोष्ट म्हणजे तिचा ठरलेला घाट. एकाच बाजूला धार, किंचित वाक, साधारण ६० ते ७३ सेंटिमीटरचे पाते, दोन्ही हातांत मावेल अशी दोरी गुंडाळलेली मूठ आणि मधे एक लहानशी चकती. चित्रकाराने दोन रेषा ओढल्या की ती ओळखू येते. आपल्याकडे मात्र नुसते "तलवार" म्हटले तर डोळ्यांपुढे काय आणायचे, हाच प्रश्न पडतो. वाकलेली समशेर, रुंद आणि दुधारी खांडा, लांब व जवळजवळ सरळ धोप, युरोपी पात्याची फिरंग आणि कोपरापर्यंत हात झाकणारा पट्टा ही सारी एकाच मुलखात, एकाच काळात, कधी एकाच सरदाराच्या शस्त्रागारात नांदत होती. ही विविधता हे आपले वैभव आहे, पण खेळणी बनवणाऱ्या साच्याला ती सोयीची नाही.

दुसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते. जपानमध्ये १८७६ साली सामुराईंना तलवार बाळगून हिंडण्यास बंदी झाली. १९४५ च्या पराभवानंतर तर दोस्तांच्या फौजांनी तलवारी गोळा करायला सुरुवात केली आणि ही कला नामशेष होण्याच्या बेतात आली. तेव्हा तिथल्या जाणकारांनी या तलवारी हत्यारे म्हणून नव्हे, तर कलावस्तू म्हणून वाचवल्या आणि १९४८ साली त्यासाठी संस्था उभी केली. १९७७ पासून शिमाने प्रांतात जुन्या पद्धतीची पोलादाची भट्टी पुन्हा पेटू लागली. आजही तिथे तलवार घडवण्याचा परवाना मिळवण्यासाठी गुरूच्या हाताखाली वर्षानुवर्षे काढावी लागतात आणि परवानाधारक कारागिराला महिन्याला दोनच लांब तलवारी घडवता येतात. जुन्या कारागिरांनीही पात्याच्या मुठीत दडलेल्या भागावर आपले नाव कोरून ठेवलेले आहे. त्यामुळे कोणते पाते कोणाच्या हातचे, कोणत्या गावचे, कोणत्या घराण्याचे हे सांगता येते आणि ते सांगणारी माणसेही तिथे टिकली. आपल्या बहुतेक तलवारींवर लोहाराचे नाव नाही.

या जपलेल्या वस्तूला जगभर नेले ते चित्रपटाने. १९५४ साली अकिरा कुरोसावा यांचा 'सेव्हन सामुराई' आला आणि पाश्चात्त्य दिग्दर्शकांनी त्याच्यावरून कित्ता गिरवला. तिथून ही तलवार कॉमिक्समध्ये गेली, मग संगणकीय खेळांत आणि आता प्रत्येकाच्या खिशातल्या मोबाइलमध्ये. गंमत अशी, की त्या चित्रपटात जे चार सामुराई मरतात, ते चौघेही बंदुकीच्या गोळीने मरतात, आणि त्यांतला एक तर त्या सगळ्यांत निष्णात तलवारबाज असतो. इतिहासही असाच आहे. रणांगणावर सामुराईचे मुख्य शस्त्र आधी धनुष्य होते, पुढे भाला आला, आणि १५४३ साली पोर्तुगीजांबरोबर बंदूक पोहोचल्यावर काही दशकांतच लढायांचे रूप पालटले. तलवार कमरेला असे, पण ती दुय्यम. कुरोसावांनी हे प्रामाणिकपणे दाखवले होते. नकला करणाऱ्यांनी तलवार तेवढी उचलली आणि गोळी सोडून दिली.

शिवाय ती चित्रीकरणाला सोपी आहे. ढाल नाही, घोडा नाही, दोन्ही हात एकाच मुठीवर असल्याने नट स्थिर आणि रुबाबदार दिसतो, आणि म्यानातून काढताकाढताच वार करण्याची जी पद्धत आहे तिच्यात आधीची शांतता व नंतरचा एकच फटका हे नाट्य आयते मिळते. आपली तलवार ढालीबरोबर चालते, बहुतेकदा घोड्यावरून, आणि पट्टा तर सतत फिरत राहिला तरच पट्टा. ते शिकायला वेळ लागतो. आपल्या ऐतिहासिक मालिकांतही तो वेळ क्वचितच दिला जातो. नट तलवार काठीसारखी धरतात, लाकडी म्यानातून ती काढताना धातूवर धातू घासल्याचा आवाज येतो, आणि पट्ट्याची मनगट बांधलेली पकड कुठेच दिसत नाही. २०२४ साली महाराष्ट्राने दांडपट्ट्याला राज्यशस्त्राचा मान दिला. तो हातात नीट धरलेला पडद्यावर दिसावा, एवढी अपेक्षा मराठी प्रेक्षकाने का करू नये?

मुलाला कटाना घेऊन द्यायला हरकत नाही. फक्त त्याच आठवड्यात त्याला मर्दानी खेळाचे एखादे प्रात्यक्षिकही दाखवावे.

प्रश्न : आमच्या मित्रमंडळीत वाद पेटला आहे. एक गट म्हणतो, कटानाचे पोलाद हजार वेळा दुमडलेले असते, म्हणून ती बंदुकीची नळीसुद्धा कापते. दुसरा गट म्हणतो, आपल्या पोलादापुढे ती काहीच नाही. खरे काय?
— एक महाविद्यालयीन विद्यार्थी, कन्ना चौक

उत्तर : दोन्ही गटांनी एकेक पाऊल मागे यावे, अशी माझी विनंती आहे.

दुमडण्याचे आधी पाहू. जपानमध्ये पोलाद लोहयुक्त वाळूपासून करीत. मातीच्या भट्टीत वाळू आणि कोळसा आळीपाळीने टाकत ती तीन दिवस-तीन रात्री धगधगती ठेवली जाते, आणि शेवटी भट्टी फोडून जो गोळा निघतो त्यात कुठे कर्ब जास्त, कुठे कमी, मधेमधे मळी, म्हणजे धातूतली घाण, अडकलेली. ते पोलाद एकजीव करण्यासाठी आणि मळी ठोकून बाहेर काढण्यासाठी ते दुमडावेच लागते. साधारण १० ते १५ वेळा दुमडले की काम होते. दहा वेळा दुमडल्यावर १,०२४ थर होतात. "हजार वेळा" ही आख्यायिका बहुधा या थरांच्या आकड्यातूनच निघाली असावी. म्हणजे दुमडणे हा कच्च्या मालातल्या दोषावर कारागिराने काढलेला उपाय आहे, आणि तो थक्क करणारा आहे, पण त्याने पात्यात जादू उतरत नाही.

कटानाचे खरे कौशल्य पाणी देण्यात आहे. आपला लोहार विळ्या-कोयत्याला पाणी पाजतो, तसेच. फरक इतकाच, की जपानी कारागीर पाते तापवण्यापूर्वी त्यावर मातीचा लेप देतो, पाठीकडे जाड आणि धारेकडे पातळ. लालबुंद पाते पाण्यात गेले की धार झटकन थंड होऊन अतिशय कठीण होते, पाठ सावकाश थंड होऊन चिवट राहते, आणि या ओढाताणीतच पात्याला वाक येतो. धारेच्या कडेने दिसणारी ती धुकट, लाटेसारखी रेषा ही त्या दोन अवस्थांमधली सीमा असते. पण एवढी कठीण धार ठिसूळही असते. हाडावर, चिलखतावर, दुसऱ्या पात्यावर ती वेडीवाकडी आदळली तर तिचा टवका उडतो. बंदुकीची नळी कापण्याची गोष्ट सोडून द्यावी.

आता आपल्या पोलादाकडे वळू. आपल्या चौकातील अनेक घरांत तेलुगू बोलली जाते. घरच्या मोठ्यांना पोलादाला काय म्हणतात ते विचारावे. ते "उक्कु" म्हणतील. कन्नडमध्येही तोच शब्द आहे, आणि इंग्रजांनी ज्या दक्षिणी पोलादाला "वूट्झ" हे नाव दिले, ते याच शब्दाचा अपभ्रंश मानले जाते. लोखंड आणि लाकूड-पाला बंद मुशीत घालून ते वितळेपर्यंत तापवीत. मळी वर तरंगे आणि खाली अधिक कर्बाचे, एकसंध पोलाद मिळे. ते दुमडण्याची गरजच नव्हती. तेलंगणातल्या निजामाबाद जिल्ह्यातील कोनसमुद्रम या गावी ते विकत घ्यायला इराणचे व्यापारी येऊन राहत. त्यातून घडवलेल्या पात्यावर वाहत्या पाण्यासारखी जी नक्षी उमटते, तिला जौहर म्हणतात. १७९५ साली जॉर्ज पिअर्सन यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे या पोलादावर निबंध वाचला, आणि पुढे मायकेल फॅरेडे यांच्यासारख्या शास्त्रज्ञाने त्याचे रहस्य शोधण्यात काही वर्षे घालवली. अभिमान वाटावा असाच हा वारसा आहे. मात्र हे पोलादही सर्वगुणसंपन्न नव्हते. त्यातला कर्ब जास्त असल्याने ते जरा जादा तापले की घणाखाली फुटे, आणि निकृष्ट पाते लढाईत मोडेही.

शिवाय आपल्या पूर्वजांनी असला वाद घातला असता असे मला वाटत नाही. फिरंग या नावातच पाते परक्या मुलखाचे असल्याची कबुली आहे. पोर्तुगीजांकडून आलेले लांब, सरळ युरोपी पाते त्यांना उपयोगी वाटले, त्यांनी त्याला आपल्या घाटाची मूठ बसवली आणि ते आपले केले. लंडनच्या राजसंग्रहात असलेल्या आणि कोल्हापूरच्या छत्रपतींनी १८७५-७६ च्या दौऱ्यात ब्रिटिश युवराजाला दिलेल्या "जगदंबा" तलवारीचे पातेही युरोपी घडणीचे आहे.

या संदर्भात मला नेहमी आठवतो तो लुई नोलन या ब्रिटिश घोडदळाच्या कप्तानाचा अनुभव. हैदराबादच्या निजामाच्या स्वारांनी एका चकमकीत असे वार केले होते, की मुंडकी आणि हात एका घावात तुटले होते. ही कोणती अद्भुत हत्यारे, म्हणून नोलन यांनी चौकशी केली, तेव्हा ती पाती ब्रिटिश फौजेनेच टाकून दिलेली निघाली. स्वारांनी त्यांना मुठीपासून टोकापर्यंत वस्तऱ्यासारखी धार लावली होती, लहान आणि चपटी देशी मूठ बसवली होती, आणि ती लाकडी म्यानात ठेवली होती. लढाईखेरीज ती बाहेर काढलीच जात नसत. ब्रिटिश सैनिकांची तीच पाती लोखंडी म्यानात घासून बोथट होत. नोलन यांनी हे १८५३ साली लिहिले.

त्या लहान मुठीचा अनुभव मी स्वतः घेतला आहे. गेल्या खंडेनवमीला शहरातल्या एका स्नेह्यांकडे गेलो होतो. पलीकडच्या खोलीत यंत्रमागावर झेंडूच्या माळा चढलेल्या, आणि पाटावर पणजोबांची समशेर मांडलेली. ती हातात घेतली, तर चार बोटे जेमतेम बसली. मला मूठ तोकडी वाटली. मनगट खाली वाकवू गेलो, तर मुठीच्या टोकाची तबकडी मनगटात रुतली. मग हात खांद्यापासून मोकळा सोडून, कोपर किंचित मागे ओढत पाते हवेत चालवले, आणि त्या तोकड्या मुठीचे प्रयोजन कळले. तलवार हातात वळतच नव्हती, धार आपोआप सरळ जात होती, आणि वार आदळण्याऐवजी चिरत जात होता. कटाना दोन्ही हातांनी धरणाऱ्या पायदळ माणसाला ही तलवार अडचणीची वाटेल, आणि घोड्यावरच्या स्वाराला कटाना. श्रेष्ठ कोण हे ठरवण्यापूर्वी आपल्या मित्रांनी हात कोणाचा, पायाखाली जमीन आहे की घोडा, आणि समोरच्याच्या अंगावर काय आहे, एवढे विचारावे.

प्रश्न : सासऱ्यांच्या पश्चात घरातली जुनी तलवार माझ्या ताब्यात आली आहे. तिचे पाते काळवंडले आहे. पॉलिशवाला म्हणतो, मशीनवर घासून जपानी तलवारीसारखी आरशागत चकचकीत करून देतो. द्यावी का?
— एक वाचक भगिनी, अक्कलकोट रस्ता

उत्तर : कृपया देऊ नये. जपानी तलवारीची ती चकाकी मशीनची नसते. त्यासाठी वेगळा प्रशिक्षित कारागीर असतो आणि तो एकापेक्षा एक मऊ दगडांवर कित्येक दिवस हाताने काम करतो. आपल्याकडचे बफिंगचे चाक पात्यावरचा जौहर पुसून टाकील, मुठीवरचे सोन्या-चांदीचे काम असल्यास तेही नेईल, आणि गेलेले परत येणार नाही. लिंबू, चिंच, ॲसिड यांचाही वापर करू नये. मऊ कापडाने धूळ टिपून शिलाई मशीनच्या तेलाचा अगदी पातळ हात फिरवावा. खंडेनवमीला पात्यावर ओले हळदी-कुंकू लावले असेल, तर ते त्याच संध्याकाळी पुसून घ्यावे. जुन्या पात्यांवर गंजाचे खळगे बहुधा नेमके त्या बोटांच्या जागी पडलेले मी पाहिले आहेत. चामड्याच्या म्यानात तलवार कायम ठेवू नये, कारण चामडे ओल धरते. तसेच शस्त्र कायद्याच्या दृष्टीने ती घरात ठेवण्याबाबत आपल्या भागातील पोलीस ठाण्यात एकदा चौकशी करून घ्यावी. ऑनलाइन मागवलेल्या शोभेच्या कटानालाही हे लागू होऊ शकते.

आणखी एक. खिडकीच्या उजेडात, पाते तिरके धरून, मुठीजवळचा भाग आणि पात्याची पाठ भिंगाखाली नीट पाहावी. २०२५ साली महाराष्ट्र शासनाने लंडनच्या लिलावातून नागपूरकर रघुजी भोसले यांची तलवार सोडवून आणली. तिच्या पात्याच्या पाठीवर सोन्याच्या पाण्याने देवनागरीत "श्रीमंत रघोजी भोसले सेनासाहेब सुभा फिरंग" अशी अक्षरे आहेत, आणि तलवार कोणाची व कोणत्या जातीची हे त्यांवरूनच कळते. आपल्याही पात्यावर असा एखादा शब्द, शिक्का किंवा ठिपक्यांची खूण असू शकेल. आढळल्यास त्यावर काहीही न घासता तिचे स्वच्छ छायाचित्र या सदराकडे पाठवावे. पुढील अंकात वाचून दाखवण्याचा प्रयत्न करीन.