कॅम्बर लाल दाखवतोय, पण गाडी तर सरळ चालते

प्रश्न : सर, परवा अलाइनमेंट करून घेतलं. रिपोर्टमध्ये पुढच्या डाव्या चाकाचा कॅम्बर (समोरून बघितलं तर चाक वरून आत किंवा बाहेर किती कललंय तो कोन, वजा म्हणजे आत) −१°०६′ आलाय, कंपनीची रेंज ०° ते −१°, म्हणून आकडा लाल. उजवा −०°४२′, तो हिरवा. टो (वरून बघितलं तर चाकाचं तोंड आत किंवा बाहेर किती वळलंय तो कोन) चारही चाकांचा हिरवा आहे. मेकॅनिक म्हणतो ह्या गाडीत कॅम्बर सेटच होत नाही, सोडून द्या. गाडी सरळ चालते, टायर पण सारखे घासलेत. पण ०.६ डिग्री बाहेर म्हणजे काही वाकलंय का?

उत्तर : आधी ते ०.६ खोडा. १°०६′ म्हणजे १ डिग्री ६ मिनिटं, आणि एका डिग्रीत ६० मिनिटं असतात, म्हणजे तुम्ही फक्त ०.१ डिग्रीने बाहेर आहात. ही गल्लत भरपूर लोक करतात, कारण काही मशीन मिनिटांत छापतात आणि काही दशांशात.

एवढा फरक तर हवा कमी-जास्त असली, डिकीत सामान असलं किंवा मशीनचा क्लॅम्प रिमवर जरा तिरका बसला तरी येऊ शकतो. मशीनला रेषेच्या आत हिरवं आणि केसभर बाहेर गेलं की लाल, एवढंच कळतं. मी त्या रंगापेक्षा डाव्या-उजव्यातला फरक आधी बघतो. तुमचा २४ मिनिटं आहे, साधारण ३० पर्यंत चालतो. कॅम्बरमुळे गाडी ओढली तर ती जास्त पॉझिटिव्ह (म्हणजे कमी वजा) बाजूला, म्हणजे तुमच्या केसमध्ये उजवीकडे ओढेल, आणि तसं तर काही होत नाहीये.

हेच ६ मिनिटं टोमध्ये असते तर मी इतका निवांत नसतो. टो चुकला की चाक तिरकं धरून ओढल्यासारखं होतं, ०.१ डिग्रीला दर किलोमीटरमागे जवळपास पावणेदोन मीटर आडवं घासणं, आणि हे टायर गुपचूप खात राहतं, हात फिरवला की एका दिशेला करवतीसारखं लागतं. कॅम्बरचं तसं नाही, तो बराच जास्त गेला तर आतली नाहीतर बाहेरची कड संपते.

मेकॅनिक खोटं बोलत नाहीये, बऱ्याच गाड्यांत पुढे फक्त टोच ॲडजस्ट होतो. काहींमध्ये शॉकअपचे खालचे दोन बोल्ट ढिले केले की थोडा खेळ मिळतो, पण कॅम्बर हलवला की टो परत सेट करावाच लागतो, त्यामुळे ६ मिनिटांसाठी मी तरी तिकडे हात लावणार नाही.

मात्र मध्यंतरी डावं चाक खड्ड्यात जोरात आपटलं असेल तर लोअर आर्मचं बुश आणि बॉल जॉइंट बघून घ्या. आणि हा रिपोर्ट जपून ठेवा. पुढच्या वेळी उजवा तसाच आणि डावा −१°३०′ वगैरे आला तर तिथे नक्की काहीतरी हलतंय, मग मेकॅनिकने सोडून द्या म्हटलं तरी सोडू नका.