10 वर्षांचा लॅब्रॅडॉर गड चढताना मध्येच बसतो, त्याचं फिरणं बंद करू का?

फिरणं बंद करू नका. साताऱ्याचा अजिंक्यतारा गड मात्र आता सोडा.

तुम्ही लिहिलंय की पिल्लू होता तेव्हापासून तो रोज पहाटे तुमच्याबरोबर गडावर येतो, आणि दिवाळीपासून अर्ध्या चढात बसायला लागलाय. थोडं थांबलं की उठून वर येतोच, त्यामुळे खरंच दमतो की लाडात येतो हे तुम्हाला कळेना. लाडात येत नाही हो तो. लॅब्रॅडॉर 10 वर्षांचा झाला म्हणजे म्हातारा झाला, आणि या जातीत खुब्याचे, गुडघ्याचे, कोपराचे सांधे लवकर धरतात. तुम्ही पुढे निघालात की पाय दुखत असले तरी तो मागे राहायचा नाही. कुत्र्याचा जीवच तसा असतो, म्हणून त्याच्या उत्साहावर जाऊ नका.

मी आमच्या लॅब्रॅडॉरचं फिरणं दुसऱ्या दिवशीच्या सकाळवरून ठरवते. ती आता तेराव्या वर्षात आहे. सकाळी उठताना तिला पुढचे पाय रोवून मागचा भाग ओढावा लागला, किंवा पहिली काही पावलं ताठ पडली, की आदलं फिरणं जास्त झालं असं समजायचं आणि त्या दिवशी निम्मंच फिरवायचं. सहज उठली तर तेवढंच चालू ठेवायचं. हे एकदा नजरेत बसलं की कुणाला विचारावं लागत नाही.

एका दमात तासभर फिरवण्यापेक्षा पंधरा-वीस मिनिटांच्या दोन-तीन फेऱ्या करा, सपाट आणि शक्यतो मातीच्या रस्त्यावर. रोज सारख्याच हव्यात. आठवडाभर घरात आणि रविवारी एकदम कास रस्ता, हे म्हाताऱ्या सांध्यांना सगळ्यात वाईट. पहिली पाच मिनिटं अगदी सावकाश चालू द्या. तो प्रत्येक खांब हुंगत बसला तर ओढू नका, हुंगण्यात त्याचं डोकं चालतं आणि चालणं कमी झालं तरी मन रमतं. चेंडू लांब फेकून आणायला लावणं मात्र थांबवा. धावता धावता एकदम थांबणं आणि गर्रकन वळणं, यात सांध्याला झटका बसतो.

चढापेक्षा उताराची मला जास्त काळजी वाटते. कुत्र्याच्या वजनाचा साधारण 60 टक्के भार एरवीही पुढच्या पायांवर असतो, उतरताना तो आणखी वाढतो. गडावर तो कसाबसा चढेल, पण खांद्या-कोपराचं दुखणं घेऊन उतरेल. जिना उतरणं आणि गाडीतून उडी मारणं यालाही हेच लागू. जिन्यात त्याच्या पोटाखालून जुनी चादर घालून दोन्ही टोकं वर धरायची, निम्मा भार आपल्या हातात येतो. आणि यवतेश्वर-कासच्या बाजूला नेत असाल तर अंधारात मोकळा सोडूच नका. तिकडे बिबट्याचा वावर आहे, आणि मागे रेंगाळणारं म्हातारं कुत्रं त्याला सोपं पडतं.

उन्हाळ्यात डांबरावर हाताचा मागचा भाग टेकवून बघा. पाच-सात सेकंद ठेववत नसेल तर त्याचे पंजेही भाजणार. म्हाताऱ्या लॅब्रॅडॉरमध्ये स्वरयंत्राला लकवा होऊन श्वास घेताना ते नीट न उघडण्याचा आजार बराच दिसतो. भुंकण्याचा आवाज घोगरा झाला असेल, श्वास घेताना घरघर होत असेल, तर उन्हात बाहेर काढणं त्याच्या जिवावर बेतू शकतं. पावसाळ्यात शेवाळलेल्या पायऱ्यांपासून लांब ठेवा.

घरातली फरशीही बघा. गुळगुळीत टाईल्सवर मागचे पाय फाकतात, पडायची धास्ती बसली की कुत्रं उठायचंच टाळतं. तो जिथून जिथे जातो तेवढ्या वाटेवर सतरंज्या किंवा रबरी मॅट टाका आणि नखं वाढू देऊ नका. फिरणं कमी झालं की खाणंही कमी करावं लागतं. चहाबरोबरची बिस्किटं आणि उरलेल्या चपात्या आधी बंद. बरगड्यांवरून हात फिरवल्यावर त्या बोटांना सहज लागल्या पाहिजेत. सांधे धरलेल्या कुत्र्याला वजन उतरवण्याइतका आराम दुसऱ्या कशाने क्वचितच मिळतो.

एकदा डॉक्टरांना दाखवाच, कारण मध्येच बसणं दर वेळी सांध्यांमुळेच असतं असं नाही. आपल्याकडे गोचीड तापानेही कुत्रं असंच गळून जातं, लंगडतं, आणि घरचे म्हणतात वय झालं. हृदय आणि थायरॉइडही तपासून घ्या. गावातल्या दवाखान्यात एक्स-रेची सोय नसेल तर शिरवळचं क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आपल्याच जिल्ह्यात आहे. वेदनाशामक गोळी डॉक्टर देतील तीच, आणि आधी किडनी-लिव्हरची रक्त तपासणी करून. घरातली आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक चुकूनही देऊ नका, त्याने कुत्र्याच्या पोटात जखमा होतात, किडनी निकामी होते.

जाण्याआधी मोबाईलवर दोन व्हिडिओ काढून ठेवा, एक सकाळी झोपेतून उठतानाचा आणि एक मागून, चालतानाचा. दुसऱ्यात मागच्या पंजाची नखं रस्त्यावर घासल्याचा खर्र आवाज येतो का, तेही ऐका. तसा आवाज असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा, त्यांना पाठीचा कणाही तपासावा लागेल. दवाखान्याच्या टेबलाजवळ घाबरलेलं कुत्रं अगदी ठणठणीत चालून दाखवतं.