स्टॅम्पचं व्यसन: दाखल करायचं की ओपीडीतून सोडवायचं?

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

माझा मुलगा २१ वर्षांचा, पुण्यात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. वर्षभरापासून जवळजवळ दर शनिवारी एलएसडीचे ‘स्टॅम्प’ (भास घडवणारं हे रसायन लावलेले कागदाचे छोटे चौकोन) घेत होता, हे त्यानेच मला सांगितलं. गांजाही ओढतो. दोन विषय राहिलेत. माझे दीर म्हणतात, तीन महिन्यांसाठी सरळ केंद्रात टाका. मुलगा म्हणतो, डॉक्टरांकडे येतो, पण दाखल होणार नाही. कोणाचं ऐकावं?
— एक आई, नाशिक

तुमच्या पत्रात जेवढं आहे, त्यावरून ओपीडीपासून सुरुवात करणं बरोबर ठरेल. मुलाने आपणहून सांगितलं आणि डॉक्टरांकडे यायला तो तयार आहे, हे फार मोलाचं आहे. जबरदस्तीने गाडीत घालून नेलंत तर हीच जमेची बाजू पहिल्या दिवशी हातची जाईल.

दारू किंवा ब्राऊन शुगर एकदम बंद केली की अंगाला कंप सुटतो, उलट्या-जुलाब होतात, दारूत तर झटकेही येऊ शकतात. त्या काळासाठी खाट आणि नर्स लागते. एलएसडी आणि मॅजिक मशरूम (भास घडवणारी अळंबी) यांमध्ये असा त्रास होत नाही. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या डीएसएम-५ या नियमावलीत व्यसन ओळखायचे ११ निकष आहेत. भ्रमकारक, म्हणजे एलएसडी-मशरूमसारख्या भास घडवणाऱ्या, पदार्थांसाठी त्यातला ‘बंद केल्यावर होणारा त्रास’ हा निकष वगळून १० उरतात. एलएसडी दोन-चार दिवसांत शरीरातून आपोआप निघून जातं. त्यामुळे निव्वळ एलएसडीसाठी ‘दहा दिवसांचं डिटॉक्स’ (शरीरातून नशा काढणं) म्हणून सलाइन लावून पैसे घेणारं केंद्र दिसलं, तर नेमकं काय काढून टाकताय, असं विचारा.

‘आठवड्यातून एकदाच घेतो, म्हणजे व्यसन नाही’ हाही गैरसमज आहे. रोज घेतलं तर तीन-चार दिवसांत एलएसडीचा परिणाम जवळजवळ उरत नाही, म्हणून घेणारे मध्ये दिवस सोडतात. दिवस मोजून उपयोग नाही, मागच्या १२ महिन्यांत काय झालं ते बघायचं. ठरवल्यापेक्षा जास्त घेतलं का, सोडायचा प्रयत्न फसला का, अभ्यास बुडाला का, तलफ येते का, त्रास होतोय हे कळूनही चालू ठेवलं का. दोन-तीन निकष लागू पडले तर सौम्य, चार-पाच तर मध्यम, सहा किंवा जास्त तर तीव्र. मुलाने डॉक्टरांसमोर बसून हे स्वतः मोजलं, तर पुढच्या निम्म्या वादावादीची गरजच राहत नाही.

दाखल करावं लागतं ते कधी? नशा उतरून दोन-तीन दिवस झाले तरी आवाज ऐकू येतात, कोणी पाळत ठेवतंय असं वाटतं, तेव्हा. जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार असतील, तेव्हा. सोबत रोजची दारू किंवा अल्प्राझोलामसारख्या झोपेच्या गोळ्या असतील, तेव्हा, कारण त्या गोळ्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली टप्प्याटप्प्यानेच कमी कराव्या लागतात. शिवाय ओपीडी दोन-तीन महिने मनापासून करूनही फरक पडला नाही, तर. एक मुद्दा घरातले हमखास विसरतात: मुलगा राहतो कुठे? रूम पार्टनरच माल आणत असेल, तर जगातला सर्वोत्तम समुपदेशकही आठवड्यातल्या एका तासात काही करू शकणार नाही. अशा वेळी दाखल करण्याआधी खोली बदलून बघा. पुण्यात नातेवाईक असतील तर पहिले तीन महिने त्यांच्याकडे राहू दे, किंवा तुमच्यापैकी कोणी तिथे जाऊन राहा.

ओपीडी म्हणजे डॉक्टरांना पाच मिनिटं भेटून चिठ्ठी घेऊन येणं नव्हे. पहिल्या भेटीला ४५ मिनिटं ते तासभर लागलाच पाहिजे. जाताना कागदावर लिहून न्या: काय काय घेतो, केव्हापासून, शेवटचं कधी घेतलं, चालू असलेली सगळी औषधं, आणि घराण्यात कोणाला स्किझोफ्रेनिया (भास-भ्रमांचा मनोविकार) किंवा बायपोलर (मनःस्थिती दोन टोकांना जाणारा आजार) होता का. हा शेवटचा प्रश्न घरचे लाजून टाळतात. तो टाळू नका, पुढची जोखीम त्यावरून ठरते. थायरॉइड, बी-१२ आणि यकृताच्या तपासण्या बहुधा सांगतील. एलएसडीची तलफ मारणारी मान्यताप्राप्त गोळी नाही. नाल्ट्रेक्झोन आहे ते दारू आणि अफूच्या गटातल्या पदार्थांसाठी. औषध दिलं तर ते नैराश्य, चिंता, झोप किंवा भास यांसाठी असतं. कशासाठी दिलंय, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

खरा उपचार समुपदेशनात आहे. पहिले १२ आठवडे दर आठवड्याला एक बैठक, मग पंधरवड्याला, मग वर्ष पूर्ण होईपर्यंत महिन्याला एक, असा हिशेब धरा. बैठकीत उपदेश चालत असेल तर समुपदेशक बदला. चांगला समुपदेशक मागच्या पाच-सहा ट्रिपा (नशेचे अनुभव) एकेक करून उलगडतो: त्या दिवशी दुपारी काय झालं होतं, फोन कोणाचा आला, पैसे कुठून आले, दुसऱ्या दिवशी काय वाटलं. त्यातून शनिवार संध्याकाळचा आराखडा तयार होतो, तोही तासातासाचा. याहून दाट उपचार म्हणजे आठवड्यात तीन दिवस, रोज तीन तास, एकूण नऊ तास. परदेशात याला ओपीडीचीच वरची पायरी मानतात. आपल्याकडे अशा सोयी थोड्या आहेत, पण जुळवून आणता येतं: महिन्याला मानसोपचारतज्ज्ञ, आठवड्याला समुपदेशक, नार्कोटिक्स अनॉनिमस या व्यसन सोडणाऱ्यांच्या स्वमदत गटाच्या दोन-तीन सभा आणि घरच्यांसाठी कुटुंबगट. पुण्यात १९८६ पासून चालू असलेलं मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथे सरकारची प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. गोव्यात बांबोळीची मानसोपचार संस्था आहे. जवळचं केंद्र विचारायला १४४४६ ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे.

ओपीडी फसते ती बहुतेकदा तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात. बंद केल्याचा शारीरिक त्रास नसल्याने मुलाला वाटतं, ‘सुटलं की!’, आणि बैठका थांबतात. मग मित्रांचा गोव्याचा किंवा कसोलचा बेत ठरतो. दुसरं कारण गांजा: ‘स्टॅम्प सोडले, गांजा राहू दे’ अशी तडजोड घरचे करतात आणि त्याच कट्ट्यावरून पुन्हा स्टॅम्प हातात येतो. दोन्ही एकाच दिवशी बंद करायचं ठरवा. सहा आठवड्यांनी डॉक्टर, मुलगा आणि तुम्ही एकत्र बसून आढावा घ्या, आणि कोणत्या परिस्थितीत दाखल व्हायचं हे आजच, त्याच्या संमतीने, लिहून ठेवा. दिरांनाही तो कागद दाखवा, त्यांची काळजी खोटी नाही.

मेडिकलमधून लघवी तपासायचं किट आणलं. मुलीचा निकाल निगेटिव्ह आला, पण तिच्या पाकिटात कागदाचे चौकोन सापडले. ती खोटं बोलते की किट?
— एक वडील, डोंबिवली

किट. बाजारातल्या नेहमीच्या पाच किंवा दहा पदार्थांच्या पट्टीत गांजा, अफूचे पदार्थ, झोपेच्या गोळ्या वगैरे असतात, एलएसडी आणि मशरूम सहसा नसतात. एलएसडीचा डोसच मुळात मायक्रोग्रॅममध्ये असतो. त्यासाठी मोठ्या प्रयोगशाळेतली खास तपासणी लागते आणि तीही शेवटच्या डोसनंतर दोन-चार दिवसांतच उपयोगी पडते. म्हणून निगेटिव्ह पट्टीवर निर्धास्त राहू नका, आणि रोज सकाळी मुलीच्या हातात डबीही देऊ नका. काही केंद्रं ‘तपासणी स्वच्छ आली की छोटं बक्षीस’ ही पद्धत वापरतात आणि ती चांगली चालते. पण इथे बक्षीस बैठकीला हजर राहण्याला आणि गांजाच्या स्वच्छ पट्टीला जोडावं लागतं. ते चौकोन जपून ठेवू नका, कोणाला दाखवायला नेऊ नका, आणि एलएसडीच असेल असं गृहीतही धरू नका. एनबोम नावाची रसायनं अशाच कागदांवर विकली जातात आणि त्यांनी माणसं दगावली आहेत. ताप चढला, झटका आला, बेशुद्धी आली तर थेट १०८.

एलएसडी सोडून तीन महिने झाले, मी काहीही घेतलेलं नाही. तरी पांढऱ्या भिंतीवर टीव्हीसारख्या मुंग्या दिसतात, हात हलवला की त्यामागे रेघ उमटते. मी वेडा होतोय का? ओपीडीत याचं औषध मिळेल?
— वय २४, कोल्हापूर

हे खरं नाही, डोळ्यांचा खेळ आहे, हे तुम्हाला कळतंय ना? मग याला सहसा वेड म्हणत नाहीत. हा भ्रमकारकानंतर टिकून राहणारा दृष्टिदोष आहे, डॉक्टर त्याला एचपीपीडी म्हणतात. तो थोड्यांनाच होतो, आणि मोजक्या ट्रिपांनंतरही होऊ शकतो. अनेकांचा काही महिन्यांत ओसरतो, काहींचा रेंगाळतो.

आधी नेत्रतज्ज्ञ आणि मेंदूविकारतज्ज्ञ यांना एकदा दाखवा, कारण अर्धशिशी आणि फिट्सचे काही प्रकार असेच दिसतात. मग मानसोपचारतज्ज्ञांकडे जा आणि एलएसडीचा इतिहास लपवू नका. तो लपवला तर भास समजून रिस्पेरिडोन हे भासांवरचं औषध सुरू होऊ शकतं, आणि त्याने काही रुग्णांचा त्रास वाढल्याच्या नोंदी आहेत. क्लोनाझेपाम आणि लॅमोट्रिजिन यांनी काहींना आराम पडलाय, पण पुरावा थोडा आहे, आणि क्लोनाझेपामची स्वतःचीच सवय लागते. म्हणून थोड्या मुदतीसाठी आणि डॉक्टरांच्या नजरेखालीच. मेडिकलवाल्या मित्राकडून पट्टी आणू नका.

घरी करायचं ते एवढंच: गांजा पूर्ण बंद, अगदी एक झुरकाही नको, कारण त्याने हा त्रास हमखास उसळलेला पाहायला मिळतो. जागरण टाळा, कॉफी कमी करा, रात्री अंधारात मोबाइल बघू नका, आणि दृष्टी स्थिर होईपर्यंत रात्री गाडी चालवू नका. भिंतीकडे टक लावून ‘आज किती आहे’ हे तपासण्याची सवय लागते, त्याने चिंता वाढते आणि चिंतेने मुंग्या वाढतात. समुपदेशकाबरोबर पहिलं काम या सवयीवर करा. आवाज ऐकू येऊ लागले किंवा दिसतंय ते खरंच आहे असं वाटू लागलं, तर मात्र त्याच दिवशी रुग्णालय गाठा. ट्रिपनंतर मनोविकाराचा झटका येऊन रुग्णालयात पोहोचलेल्यांपैकी साधारण चौथ्या हिश्शाला पुढे स्किझोफ्रेनियाच्या गटातला आजार झाल्याचं संशोधन सांगतं. तिथे वाट बघणं महाग पडतं.

ओपीडीत नाव नोंदवलं की पोलिसांना कळतं का?
— नाव नको, सोलापूर

डॉक्टरांनी पोलिसांना कळवायचं, अशी पद्धत नाही. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम २३ने गोपनीयतेचा हक्क दिलाय आणि व्यसनातून होणारे मनोविकार याच कायद्यात येतात. सज्ञान मुलाची माहिती डॉक्टर आईवडिलांनाही तपशीलवार सांगणार नाहीत, तेव्हा त्यांच्यावर रागावू नका. १९८५च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी, कायद्यात कलम ६४-अ आहे: स्वतः सेवन केल्याचा किंवा अल्प प्रमाणात जवळ बाळगल्याचा आरोप असलेला व्यसनी आपणहून सरकारी किंवा सरकारमान्य संस्थेत उपचार घेत असेल, तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं. उपचार अर्धवट सोडले तर ते काढून घेता येतं. म्हणून ओपीडीचा प्रत्येक कागद, तारखेसकट, फाइलमध्ये ठेवा.

भाऊ बायपोलरसाठी लिथियम घेतो. आता म्हणतो, ‘मशरूम हेच औषध आहे, परदेशात डॉक्टर देतात’, आणि लपूनछपून घेतो. ओपीडी बंद करायच्या बेतात आहे.
— बहीण, ठाणे

त्याच्या बोलण्यात अर्धं खरं आहे, म्हणून त्याला मूर्खात काढू नका. ऑस्ट्रेलियाने जुलै २०२३ पासून ठरावीक मानसोपचारतज्ज्ञांना, औषधांना दाद न देणाऱ्या नैराश्यात मशरूममधलं सायलोसायबिन द्यायची मुभा दिली. पण तिथे मोजलेला डोस, आधी आणि नंतर बैठका, आणि पूर्ण वेळ शेजारी बसलेले थेरपिस्ट असतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने एमडीएमए या दुसऱ्या नशेच्या पदार्थाच्या थेरपीला ऑगस्ट २०२४ मध्ये परवानगी नाकारली. भारतात यातलं काहीच उपचार म्हणून मान्य नाही. बायपोलर असलेल्यांना तर अशा चाचण्यांतून सहसा आधीच वगळतात, कारण मॅनिया (बायपोलरमधली अतिउत्साहाची अवस्था) उसळू शकतो.

तातडीची गोष्ट लिथियमची. लिथियमवर असताना मशरूम किंवा एलएसडी घेतल्यावर झटके आल्याच्या नोंदी आहेत. हे कळल्यावर काही जण ट्रिपसाठी लिथियमच सोडतात, आणि ते त्याहून घातक, कारण लिथियम एकदम थांबवल्यावर आजार उलटण्याची आणि आत्महत्येची जोखीम वाढते. आज संध्याकाळी त्याला एवढंच सांगा: ‘दादा, मशरूमबद्दल डॉक्टरांशी तूच वाद घाल, मी मध्ये बोलणार नाही, पण गोळी चुकवू नकोस.’ भेटीच्या आधी डॉक्टरांना फोन करून मशरूमची कल्पना द्या. ते तुम्हाला काही सांगू शकले नाहीत तरी तुमचं ऐकून घेऊ शकतात. झोप दोन-तीन तासांवर आली, बोलणं सुसाट झालं, पैसे उधळू लागला, तर ओपीडीची पुढची तारीख येईपर्यंत थांबू नका. रात्री-अपरात्री काही सुचेना तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येतं.