दारू एकदम सोडवावी का?

प्रश्न : माझे पती बारा वर्षांपासून रोज दारू पितात. दोन-तीनदा त्यांनी शपथ घेऊन ती सोडलीही. परंतु दुसऱ्याच दिवशी हात थरथर कापतात, घाम सुटतो, झोप लागत नाही आणि ‘औषधापुरती’ म्हणत ते पुन्हा घेतात. एका नातेवाइकाने जेवणातून नकळत द्यायच्या गोळ्या सुचवल्या आहेत. सासरे म्हणतात, आठवडाभर खोलीत कोंडून ठेवा. काय करावे?

उत्तर : दोन्ही करू नये. हात कापणे हा मनाचा दुबळेपणा किंवा बहाणा नसून तो शरीराचा व्यवहार आहे. मेंदूला शांत करणाऱ्या ‘गाबा’ या रसायनाचा प्रभाव दारू वाढवते आणि चेतवणाऱ्या ग्लुटामेटचा प्रभाव दाबते. हे रोज घडू लागले की मेंदू तोल सांभाळण्यासाठी स्वतःची चेतना वाढवून ठेवतो, आणि दारू अचानक थांबली की ती वाढलेली चेतना आवरायला काहीच उरत नाही. कंप, घाम, धडधड ही लक्षणे पहिल्या काही तासांतच दिसू लागतात; पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते; दोन ते चार दिवसांच्या दरम्यान काही रुग्णांचे भान हरपते, नसलेल्या गोष्टी दिसू लागतात, ताप चढतो. ‘डिलिरियम ट्रेमेन्स’ या नावाने ओळखली जाणारी ही अवस्था उपचाराविना प्राणावर बेतू शकते. खोलीत कोंडल्याने नेमका हाच काळ देखरेखीविना जाईल.

यासाठी मानसोपचारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली, गरज भासल्यास रुग्णालयात दाखल करून, दारू सोडवावी लागते. तेथे बेन्झोडायझेपाइन गटातील, म्हणजे मेंदूची वाढलेली चेतना शांत करणारी औषधे काही दिवस देऊन क्रमाने कमी केली जातात आणि थायमिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्वही देतात, कारण त्याच्या तीव्र अभावामुळे स्मरणशक्तीची कायमची हानी होऊ शकते. ऐकायला विचित्र वाटेल, पण डॉक्टरांची भेट होईपर्यंत दारू एका दिवसात बंद करण्याचा हट्ट घरच्यांनी धरू नये. फिट आली किंवा बोलणे असंबद्ध झाले, तर मात्र भेटीची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

आता गोळ्यांविषयी. नातेवाइकांनी सुचवलेल्या गोळ्या बहुधा डायसल्फिरामच्या असाव्यात. दारूपासून शरीरात तयार होणाऱ्या अ‍ॅसिटाल्डिहाइडचे विघटन हे औषध रोखते. म्हणून त्यावर दारू घेतल्यास चेहरा लाल होतो, उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब घसरतो आणि हृदयविकार असलेल्याचा जीवही जाऊ शकतो. औषध बंद केल्यानंतरही हा परिणाम दोन आठवड्यांपर्यंत टिकू शकतो. ‘प्यायलो तर त्रास होईल’ या जाणिवेवरच त्याचा उपयोग उभा असल्याने ज्याला ठाऊकच नाही त्याला ते देणे म्हणजे उपचार नव्हे, विषप्रयोगच. नाल्ट्रेक्सोन आणि अ‍ॅकॅम्प्रोसेट हे तलफ कमी करणारे अन्य पर्याय आहेत. निवड अर्थात यकृत व मूत्रपिंडाच्या तपासण्या पाहून डॉक्टरच करतील.

पतींशी बोलायचे ते ते शुद्धीवर असताना. शपथा घ्यायला लावण्यापेक्षा, दारूमुळे त्यांना स्वतःला काय नकोसे झाले आहे, हे विचारून शांतपणे ऐकावे. त्यांच्या वतीने कामावर खोटी कारणे कळवणे मात्र आजपासून थांबवा. मद्यपींच्या कुटुंबीयांसाठी 1951 पासून चालणाऱ्या अल-अ‍ॅनॉन या गटाच्या बैठकींना, पती उपचार घेवोत वा न घेवोत, तुम्ही जाऊ शकता.

प्रश्न : धाकटा भाऊ हेरॉइन घ्यायचा. तीन महिने व्यसनमुक्ती केंद्रात राहून आला आणि महिन्याभरातच पुन्हा घेतले. सगळे वाया गेले का?

उत्तर : नाही. दीर्घकाळ चालणाऱ्या आजारात असे पुनःपुन्हा घडते आणि प्रत्येक वेळी ते कोणत्या प्रसंगी घडले, याचा शोध पुढच्या उपचारात उपयोगी पडतो. मात्र एक धोका तातडीने समजून घ्या. बंद काळात शरीराची सवय मोडलेली असल्यामुळे पूर्वीची मात्रा आता श्वास थांबवू शकते. म्हणूनच केंद्रातून बाहेर आल्यानंतरचे पहिले काही आठवडे सर्वांत घातक ठरतात. ओठ निळे पडले, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या, श्वास मंदावला आणि हाक मारूनही जाग आली नाही, तर लगेच रुग्णवाहिका बोलवावी व श्वास सुरू असल्यास कुशीवर वळवावे. नॅलोक्सोन हे औषध वेळेत मिळाल्यास श्वास परत येतो. ते घरी ठेवता येईल का, हे डॉक्टरांना विचारून ठेवा.

हेरॉइनऐवजी डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिल्या जाणाऱ्या ब्युप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोन या औषधांच्या नियमित उपचाराला ‘एक नशा सोडून दुसरी धरणे’ म्हणून हिणवले जाते. हा आक्षेप मला पटत नाही. ठरलेल्या मात्रेत घेतलेल्या या दीर्घकाळ टिकणाऱ्या औषधांमुळे नशेची उसळी आणि नंतरची तडफड हे चक्र थांबते, माणूस कामावर जाऊ शकतो आणि अतिमात्रेने होणारे मृत्यू स्पष्टपणे घटतात. भावाच्या केंद्रात ही सोय नसेल, तर ती देणारा मानसोपचारतज्ज्ञ याच आठवड्यात शोधा.