९३ दिवसांचा सुलतान

प्रश्न : तुर्कस्तानचा सुलतान मुराद पाचवा जेमतेम ९३ दिवस गादीवर होता आणि वेडा ठरवून त्याला उतरवलं, असं वाचलं. तो खरंच वेडा होता का?
— एक वाचक, गुहागर

उत्तर : ‘वेडा’ हा शब्द माझ्याने त्याच्यासाठी वापरवत नाही. त्या ९३ दिवसांत काय काय घडलं ते बघा. मुराद तेव्हा पस्तिशीचा. फ्रेंच जाणणारा, पियानो वाजवणारा, स्वतः चाली बांधणारा. पण गादीचा वारस, म्हणून सुलतान असलेल्या चुलत्याची, अब्दुल अझीझची, त्याच्यावर कायम पाळत. ३० मे १८७६ ला मंत्र्यांनी चुलत्याला पदच्युत केलं, तेही ठरल्यापेक्षा एक दिवस आधी. मुरादला याचा पत्ताच नव्हता. अंधारात हत्यारबंद अधिकारी दाराशी आले तेव्हा त्याला वाटलं, मारायलाच आलेत!

आठवडा उलटायच्या आत, ४ जूनला, चुलता मनगटाच्या शिरा कापलेल्या अवस्थेत मेलेला सापडला. आत्महत्या की खून, हा वाद आजही मिटलेला नाही. १५ जूनला चेर्केस हसन हा त्या चुलत्याचा मेहुणा मंत्र्यांच्या बैठकीत घुसला आणि त्याने युद्धमंत्री व परराष्ट्रमंत्री दोघांनाही ठार केलं. मुराद पार खचला. इस्तंबूलमधल्या एयुपला जाऊन घराण्याचा मूळपुरुष उस्मान याची तलवार कमरेला बांधायचा, म्हणजे राज्यारोहणाचा, विधीसुद्धा राहून गेला. व्हिएन्नाहून आलेल्या डॉ. लाइडेसडोर्फ यांचं मत होतं की उपचारांनी तो बरा होईल. पण बाल्कनमध्ये लढाई पेटलेली, तिजोरीत खडखडाट. ३१ ऑगस्टला धाकटा भाऊ अब्दुल हमीद गादीवर आला.

पुढची २८ वर्षं, १९०४ मध्ये मरेपर्यंत, मुराद बॉस्फरसकाठच्या चिराआन राजवाड्यात कैदेत होता. तिथे तो सावरला, तरी सुटका नाहीच. १८७८ मध्ये अली सुआवी या पत्रकाराने त्याला सोडवायचा प्रयत्न केला, त्यात सुआवीच मारला गेला.

मी रत्नागिरीचा. ब्रह्मदेशाचा थिबा राजा १८८६ मध्ये आमच्या गावी कैदी म्हणून आला आणि १९१६ मध्ये इथेच गेला. थिबा पॅलेसच्या कमानदार लाकडी खिडकीशी उभं राहिलं की खाली भाट्याची खाडी दिसते, होड्या ये-जा करताना दिसतात. मला दर वेळी मुराद आठवतो. त्याच्याही खिडकीसमोर पाणीच होतं.

मुरादची पणती नीलोफर १९३१ मध्ये निजामाची सून झाली. हैदराबादला तिच्या नावाचं बायका-मुलांचं इस्पितळ अजून चालू आहे.